पोटात ठेवणं आणि पोटात घालणं

वेंगुर्ले तालुक्यातून तुम्ही लिहिलंय. वडिलांच्या अखेरच्या आजारपणात धाकट्या भावाने कागदावर त्यांचा अंगठा घेतला आणि बागेतली चाळीस कलमं एकट्याच्या नावावर करून घेतली. त्याला अकरा वर्षं झाली. दर एप्रिलात त्याच्या खळ्यातून वाशीला जाणाऱ्या टेम्पोत आंब्याच्या पेट्या चढतात आणि तुम्हाला त्या तुमच्या पडवीतून दिसतात. यंदा गुड फ्रायडेपासून तुम्ही दैवी दयेची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली. सहाव्या दिवशी ‘आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणताना ‘आम्ही क्षमा करतो तशी तू आम्हाला कर’ या ओळीवर आवाजच फुटेना. आई ऐंशी पार. तिचं एकच मागणं: “माझे डोळे मिटूच्या आदी दोघव एका पंगतीक बसा.” तुम्ही विचारता, मला क्षमा करता येत नाही, तर माझी प्रार्थना खोटी आहे का? आणि मग देवाने तरी मला का क्षमा करावी?

मी सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या पट्ट्यात तेहतीस वर्षं धर्मगुरू म्हणून काम केलं. सुरुवात केली तेव्हा आमचा भाग पुणे धर्मप्रांतात होता, २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. या काळात माझ्या पुढ्यात आलेल्या भांडणांपैकी निम्म्याहून जास्त भावाभावांची, आणि त्यातली बहुतेक जमिनीची. सामायिक सातबारा, विहिरीचं पाणी, पाणंद, हद्दीवरचा फणस. कुमसारात, म्हणजे पापनिवेदनात, ऐकलेलं काही इथे येणार नाही, ते माझ्याबरोबर मातीत जाईल. बाहेर ऐकलेल्याचेही तपशील बदलून लिहितोय.

तुमची प्रार्थना खोटी नाही. अकरा वर्षांत तुम्ही ती ओळ हजारो वेळा म्हटली असेल, आणि त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा स्वतःच्या तोंडचे शब्द ऐकलेत. आवाज अडकला कारण तुम्हाला देवासमोर खोटं बोलवेना. अशा ठिकाणी मी माणसांना सांगत आलोय की अडकलात तिथेच थांबा, पुढची ओळ घाईने म्हणू नका. ‘बापा, हे मला जमत नाहीये’ एवढंच म्हणा. तीही प्रार्थनाच आहे.

तुम्ही प्रश्न एक विचारलात, पण त्यात तीन गाठी एकमेकींत अडकल्यात. तुम्हाला अजून दुखतंय, ही पहिली. भावाला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही, ही दुसरी. आणि आईजवळ वेळ थोडा आहे, ही तिसरी. या तिन्हींना आपण ‘क्षमा’ हा एकच शब्द लावतो आणि मग एकही गाठ सुटत नाही.

त्या ओळीकडेच परत येऊ. रोजच्या प्रार्थनेत आपण ‘अपराध’ म्हणतो, पण बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात तिथे मूळ ग्रीक शब्द कर्जाचा आहे, आणि जुन्या मराठी भाषांतरातही तो ‘ऋण’ असाच आलाय. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलं तसं तू आम्हाला सोड. कर्ज सोडायचं तर आधी ते आहे हे मान्य करावं लागतं. रक्कमही ठाऊक असावी लागते. ‘जाऊ दे, काही झालंच नाही’ म्हणणाऱ्याने कर्ज सोडलेलं नसतं, त्याने वही लपवलेली असते. आमच्याकडे घरोघरी अशा लपवलेल्या वह्या आहेत. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी सगळे एकत्र जेवतात, हसतात, आणि एखाद्या लग्नात दोन घोट पोटात गेले की वही उघडते. व्याजासकट.

येशूने ही गोष्ट आकड्यांतच सांगितली आहे. त्याचा शिष्य पेत्र याने विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणाला, सात नाही, सातांच्या सत्तर वेळा. या आकड्यालाही मागची गोष्ट आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, भावाचा खून करणाऱ्या काइनाचा वंशज लामेख बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट. सुडाची ती मोजणी येशूने उलटी फिरवली. आणि लगेच निर्दय दासाचा दाखला सांगितला. त्या दासाला राजाचं दहा हजार तालांतांचं देणं होतं, आणि त्याच दासाला त्याच्या सोबत्याकडून शंभर दिनार येणं होतं. राजाने त्याला सोडलं, त्याने सोबत्याला सोडलं नाही.

हे आकडे आपल्याकडच्या मजुरीत बसवून बघा. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे राजाचं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतकं. बागेतल्या गड्याची मजुरी दिवसाला पाचशे रुपये धरली तर ते तीन हजार कोटी रुपये होतात. सोबत्याकडचं येणं होतं पन्नास हजार.

या दाखल्यावर प्रवचन देताना आम्ही धर्मगुरू पुष्कळदा एक चूक करतो, मीही केली आहे. तीन हजार कोटींपुढे पन्नास हजार म्हणजे काहीच नाही, असं सांगून मोकळे होतो. पण गड्याला विचारा, पन्नास हजार म्हणजे काहीच नाही का? ती शंभर दिवसांची कमाई आहे, आंब्याचा अख्खा हंगाम. येशूने रक्कम एक दिनार धरली नाही, शंभर धरली. तुमचं नुकसान त्याने खरं मानलंय. चाळीस कलमं ही लहान गोष्ट नाही, आणि आजारी बापाचा अंगठा ही तर त्याहून मोठी. कोणी तुम्हाला ‘एवढंसं काय घेऊन बसलायस’ म्हटलं, तर ते शुभवर्तमान नव्हे.

त्याच दाखल्यात राजाने कर्ज सोडलं ते त्याला कळवळा आला म्हणून. तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय, पोटात तुटलं असा. येशूच्याच दुसऱ्या दाखल्यांत उधळ्या पुत्राचा बाप लांबून मुलाला पाहतो तिथेही तोच शब्द, आणि वाटेवर पडलेल्याला पाहून शोमरोनी माणूस थांबतो तिथेही तोच. हिब्रूत दयेला जो शब्द आहे त्याचं नातं गर्भाशयाच्या शब्दाशी आहे. हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं आणि विसरलो. अर्थ कळला तो पुढे, आरवलीकडच्या एका म्हातारीमुळे. ती सुनेची समजूत काढत होती: “झाला ता झाला. पोटात घाल.” आपली भाषा क्षमेला पोटातच जागा देते. चूक पोटात घालणं. आणि त्याच भाषेत दुसरा शब्द आहे, पोटात ठेवणं. राग पोटात ठेवणं, डूख धरून बसणं. पोट एकच आहे. ठेवलेलं तिथे तसंच पडून राहतं आणि आंबतं. घातलेलं आपल्या अंगात जिरतं, आणि ते जिरवण्याचा त्रास ज्याने घातलं त्यालाच होतो. आई मुलाची चूक पोटात घालते तेव्हा ती चूक नाहीशी होत नाही, आई ती सोसते. दैवी दया म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी क्रूसाकडे बोट दाखवतो आणि हेच सांगतो, की तिथे देवाने आपलं सगळं पोटात घातलंय.

स्वतःबद्दल थोडं सांगतो, कारण मीही काही वर्षं पोटात ठेवून बसलो होतो.

एका धर्मग्रामात असताना चर्चची कौलं बदलायची होती. लोकांकडून पैसे गोळा झाले. भर सभेत एका गृहस्थाने उठून विचारलं, “फादरांच्या घराचीव कौलां ह्याच पैशांत बसली काय?” माझ्या आईच्या घराची डागडुजी त्याच वर्षी झाली होती, माझ्या भावाच्या पगारातून. हिशेब तपासले, पैचाही घोळ निघाला नाही. त्या माणसाने माफी मागितली नाही. पण ते वाक्य पंचक्रोशीत फिरलं आणि आईला शेजारणीकडून कळलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तो गृहस्थ दर रविवारी उजवीकडे तिसऱ्या बाकावर बसायचा. मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, शांती देण्याची वेळ येते, आपण एकमेकांना हात जोडतो. मी वेदीवरून हात जोडायचो आणि नजर डावीकडून फिरवत मधल्या वाटेपर्यंत आणून थांबवायचो. उजवीकडचं तिसरं बाक टाळायचो. दोन वर्षं हे चाललं. कोणाच्या ध्यानात आलं नसेल असं मला वाटायचं. पुढे एका वेदीसेवक पोराने विचारलं, “फादर, तुमची मान त्या बाजूला दुखते काय?”

त्या रात्री मी ज्यांच्याकडे पापनिवेदन करायचो त्यांच्याकडे गेलो. वृद्ध धर्मगुरू होते. त्यांनी मला क्षमेवर काहीही सांगितलं नाही. एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, त्याने तुझं काय काय घेतलं ते लिही. मी लिहिलं: चार महिन्यांची झोप. प्रवचन देताना लोकांच्या डोळ्यांत बघण्याची हिंमत. आईचं शेजारणीकडे जाणं. मग ते म्हणाले, कागद उलटा कर आणि देवाने तुला काय काय सोडलंय ते लिही. मी तासभर बसलो. पहिल्या दहा मिनिटांत काही सुचलं नाही, हे आज लिहायलाही जड जातं. मग एकेक आठवू लागलं. मी टाळलेला एक आजारी माणूस, जो दुसऱ्या दिवशी वारला. भावाशी बोललेलं एक वाक्य. ती बाजू भरली आणि जागा पुरली नाही.

कागद फाडायचा की ठेवायचा, मी विचारलं. ते म्हणाले, ठेव, आणि रोज दुपारी तीनला त्याचं नाव घेऊन एक ‘आमच्या स्वर्गीय बापा’ म्हण. बाकी काही करू नकोस.

मी तेच केलं. पहिले काही महिने शब्द नुसते खडखडायचे. मग एका सकाळी कुडाळच्या एसटी स्टँडवर तो मला दिसला. तिकिटाचे सुटे पैसे तळहातावर मोजत होता, ओठ हलत होते, मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याने मला पाहिलं नाही. मला पोटात काहीतरी हललेलं जाणवलं. तो माणूस दोन वर्षं माझ्या मनात सभेतच उभा होता. त्या दिवशी तो मला म्हातारा होत चाललेला, चष्म्याचा नंबर वाढलेला एक माणूस म्हणून दिसला. त्याच्या पुढच्या रविवारी मी उजवीकडे वळून हात जोडले. त्यानेही जोडले. त्याने माफी कधीच मागितली नाही. मी त्याला हिशेबाच्या कमिटीवर कधीच घेतलं नाही. आणि काही वर्षांनी त्याला माती मीच दिली.

हे सविस्तर सांगितलं ते कमिटीच्या त्या वाक्यासाठी. क्षमा माझी एकट्याची होती, तिला माझी परवानगी पुरली. समेट दोघांचा असतो, त्यासाठी समोरच्याचं मन वळावं लागतं. आणि विश्वास याहून वेगळा, तो वागणुकीने परत मिळवावा लागतो. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो, भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि तो पस्तावला तर क्षमा कर. दोष दाखवणं हे तिथे आधी येतं. योसेफाची गोष्ट आठवा. भावांनी त्याला विकलं होतं. ते धान्यासाठी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आले तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. एकांतात जाऊन रडला, पण बाहेर येऊन त्यांची पारख केली. धाकट्या बन्यामिनासाठी यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, ते ऐकल्यावर योसेफाला राहवलं नाही. क्षमा त्याच्या मनात आधीपासून असावी, पण गळ्यात पडायला त्याने भावांच्या बदलाची वाट पाहिली.

मालवणकडचे दोन भागीदार मला आठवतात. एका बोटीत दोघांचे पैसे. एकाने डिझेलच्या हिशेबात दुसऱ्याला दोन हंगाम फसवलं. जून-जुलैच्या बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना आम्ही तिघं बसलो. फसवणाऱ्याने कबूल केलं आणि हप्त्यांनी पैसे फेडायचं ठरवलं. फसलेल्याने क्षमा केली, मनापासून. पण नारळी पौर्णिमेनंतर त्याने आपली होडी वेगळी काढली. लोक म्हणाले, ही कसली क्षमा? माझ्या मते ती पुरती क्षमा होती. आजही दोघं एकमेकांच्या घरच्या लदीनीला, म्हणजे घरी होणाऱ्या प्रार्थनेला, जातात. एका बोटीत नसतात, एवढंच.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगायला हवं, कारण तुमचं उत्तर वाचून दुसरं कोणी ते स्वतःला लावून घेईल. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि परत जा’ असं सांगणं हे पाप आहे, सांगणारा धर्मगुरू असला तरी. तिने आधी सुरक्षित जागी जावं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण घ्यावं. क्षमेचा विचार तिच्या वेळेने, तिच्या मनाने. लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर पोलिसांना कळवायलाच हवं. २०१२ च्या पोक्सो कायद्याने माहिती असून लपवणं हा गुन्हा आहे. घराण्याची अब्रू झाकण्यासाठी क्षमेचं पांघरूण वापरलेलं मी पाहिलंय आणि त्याचा मला अजून संताप येतो. तुमच्या बाबतीत असं काही नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतं. तुमचा भाऊ धोकादायक नाही, लबाड वागलाय.

मग कलमांचं काय? मनाने क्षमा केली तर हक्क सोडायचा का? प्रेषित पौल करिंथ इथल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की भाऊ भावाला कोर्टात का खेचतो, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. हे वाक्य कठीण आहे आणि मी ते बोथट करणार नाही. पण त्याच जागी तो असंही विचारतो की तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही का. म्हणजे निवाडा हवाच आहे. येशूनेही क्रम सांगितलाय: आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग. अकरा वर्षांत तुम्ही भावाशी एकट्याने, बायका-मुलं नसताना, एकदा तरी या विषयावर बोललात का? पत्रात तसा उल्लेख नाही. आमच्याकडे पहिली पायरी बहुतेक सगळेच गाळतात आणि थेट गावाला सांगतात. वकिलाचा सल्ला घ्यायचा तर घ्या, जुन्या व्यवहारात मुदतीचा प्रश्न असतो आणि तो मला सांगता येणार नाही. चोरलेलं परत करण्याचं ओझं चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे तुमच्या भावावर आहेच. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने नुसतं ‘चुकलो’ म्हटलं नाही, लुबाडलेलं चौपट देतो म्हणाला. तुम्ही क्षमा केल्याने भावाचं ते ओझं उतरत नाही. फक्त एक करा. कागद हातात घेण्यापूर्वी स्वतःला विचारा, मला माझी कलमं हवी आहेत, की त्याची पडवी ओस पडलेली बघायची आहे? पहिलं हवं असेल तर चालू लागा. दुसरं असेल तर थोडं थांबा.

शिक्षा आणि क्षमा एकत्र राहू शकतात, याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी इस्पितळातून त्यांनी सांगितलं की त्या भावाला मी मनापासून क्षमा केली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये ते तुरुंगात जाऊन गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आगजाशेजारी बसून बोलले. तरी आगजा २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. याच पोपनी ३० एप्रिल २००० रोजी दैवी दयेची भक्ती ज्यांच्या दर्शनांतून पसरली त्या सिस्टर फाउस्तिनांना संतपद दिलं आणि पुनरुत्थानानंतरचा रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून सगळ्या चर्चला दिला.

आणि आपल्या देशातलं. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांना भोसकून मारलं. मारणाऱ्या समंदर सिंगला त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन भेटली आणि तिने त्याला राखी बांधली. ते साल २००२. मधली सात वर्षं कोणी मोजत नाही, राखीचा फोटो तेवढा बघतं. पुढे त्याच्या सुटकेसाठी त्या कुटुंबानेच पाठिंबा दिला. २०१७ साली इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं, तेव्हा तो माणूस तिथे हजर होता. सख्ख्या बहिणीला सात वर्षं लागली. तुमच्या अकरा वर्षांची लाज धरू नका.

इथवर आलोय तर एकदा सगळं जवळ घेतो. तुमचं दुखणं खरं आहे. दुखतंय म्हणजे क्षमा केली नाही, असं होत नाही. जे झालं ते विसरणं किंवा त्याचं काही न वाटणं आपल्या हातात नाही, हे चर्चचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथही मान्य करतो. पुढे तो म्हणतो की जे मन पवित्र आत्म्याच्या हाती दिलं जातं, त्यात जखमेची मध्यस्थीची, म्हणजे दुखावणाऱ्यासाठीची, प्रार्थना होते. क्षमा एकट्याला सुरू करता येते. समेटाला भाऊ लागतो.

आता करायचं काय. तुम्ही नोव्हेना धरली आहे, म्हणजे तसबीर घरात असणार. पांढऱ्या वस्त्रातला येशू, हृदयातून निघणारे एक लाल आणि एक फिकट असे दोन किरण, खाली ‘येशू, मी तुझ्यावर भरवसा ठेवतो’. फाउस्तिनांना हे दर्शन २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोलंडमधल्या प्वोत्स्क इथल्या मठात झालं. त्यांनी आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवलंय की येशूने त्यांच्याकडून दयेच्या पूजेबरोबर दयेचं आचरणही मागितलं, आणि त्याच्या तीन वाटा सांगितल्या: कृतीने, शब्दाने, प्रार्थनेने. आमच्याकडे माळ म्हणणारे पुष्कळ आहेत, या तीन वाटा विचारणारे थोडे.

मी हा क्रम उलटा धरतो, कारण चिडलेल्या माणसाला कृतीपासून सुरुवात जमत नाही. आधी प्रार्थना. दुपारी तीन वाजता, भावाचं नाव घेऊन, एकच. त्याचं भलं व्हावं असं मनापासून म्हणवत नसेल तर नुसतं नाव घ्या. कागदाची गोष्टही करा, दोन्ही बाजू, हाताने लिहून, मोबाईलवर नाही. पहिल्या बाजूला कंजुषी करू नका. कलमं लिहा, पण कलमांखाली काय आहे तेही लिहा. माझा अंदाज आहे, चुकीचा असेल तर सोडून द्या: तुम्हाला आंब्यांपेक्षा जास्त हे लागलंय की बापाच्या शेवटच्या दिवसांत भावाने तुम्हाला खोलीबाहेर ठेवलं. ते लिहिल्याशिवाय सोडता येणार नाही.

शब्दाची पायरी महिना-दोन महिन्यांनी येईल. पहिला शब्द बागेबद्दल नको. पुतण्याच्या परीक्षेबद्दल विचारा, त्याच्या गुडघ्याबद्दल विचारा. आणि त्याच्याबद्दल बोलण्याचीही शिस्त लावा: तिऱ्हाइताजवळ ती अंगठ्याची गोष्ट पुन्हा सांगायची नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मी सांगून ठेवतो. वर्षानुवर्षं सांगून ती गोष्ट आपली मिळकत झालेली असते.

कृती शेवटी. पुनरुत्थानानंतर येशूने पेत्राशी काय केलं ते योहानाच्या एकविसाव्या अध्यायात वाचा. पेत्राने मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत तीनदा त्याला नाकारलं होतं. येशू समुद्रकिनारी पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवतो, त्यावर मासे भाजतो, आणि रात्रभर जाळं टाकून दमलेल्या त्या माणसांना म्हणतो, या, न्याहारी करा. तीनदा विचारलेला ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हा प्रश्न खाणं झाल्यावर येतो. नाकारण्याचा विषय त्याने गाळला नाही. तीनदा विचारलं, पेत्राला दुःख झालं, तरी विचारलं. पण आधी पोटभर खाऊ घातलं.

म्हणून आईच्या पंगतीबद्दल माझं मत असं. बसा. एका पंगतीला बसणं म्हणजे कलमांवर सही करणं नव्हे, आणि सगळं मिटलं अशी ग्वाहीही नव्हे. तो न्याहारीचा भाग आहे, प्रश्नाचा भाग नंतर, तुम्ही दोघांनी एकट्याने. तांबोशी माशाचं तिखलं करतील, वाढणारी आई असेल, तिचा हात थरथरत असेल. तिच्या हातातलं भांडं भावाने घेतलं तर त्याला वाढू द्या.

आणि आईला खोटं सांगू नका. ‘क्षमा केली’ असं तिच्या समाधानासाठी म्हणाल तर तिला ते कळेल, तिने तुम्हाला नऊ महिने पोटात वागवलंय. तिला एवढंच सांगा: “आये, मी रोज तीन वाजता त्याचा नाव घेतंय.” ती काय म्हणते ते मला जमलं तर कळवा.